नववा भाग, घरपोच

मागणी-यादीत टाचणीकाकांचा नंबर तेविसावा होता आणि बाविसावा नंबर समोरच्या दारातल्या पोस्टमास्तरांचा होता. काकांचं खरं दुखणं तेविसाव्या नंबराचं नव्हतं, बाविसाव्याचं होतं.

टाचणीकाका पाणीपुरवठा कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. टाचणी न लावलेला कागद त्यांनी उभ्या नोकरीत पुढे सरकवला नाही, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतरही त्यांच्या कॉलरच्या मागे एक टाचणी खोचलेली असायची आणि प्रेमाने मिठी मारणारे नातेवाईक जरा बेतानेच मारायचे. काकांचा दुसरा अभिमान म्हणजे फॉर्म. आपण भरलेल्या फॉर्मात एकही चौकोन रिकामा राहत नाही, असं ते सांगत. रिकामा चौकोन दिसला की त्यांना उघडं राहिलेलं नळाचं तोंड दिसल्यासारखं व्हायचं.

तर यादी होती सार्वजनिक वाचनालयातल्या एका रहस्यकादंबरीच्या नवव्या भागाची. नऊही भागांत गुप्तहेर एकच, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी लेखक त्याला अशा ठिकाणी नेऊन सोडायचा की वाचकाला जेवण जाऊ नये. आठव्या भागाच्या शेवटच्या ओळीत तो नदीवरच्या पुलाला एका हाताने लोंबकळत होता. खाली पाणी, वर खुनी. काकांनी आठवा भाग परत केला त्याला सात महिने झाले होते आणि गुप्तहेर सात महिने तसाच लोंबकळत होता, कारण नवव्या भागाची वाचनालयात प्रत एकच होती.

"काय काका, हात सुटला नाही ना अजून त्याचा?" पोस्टमास्तर जिन्यात भेटले की विचारायचे. "माझा नंबर आला की मी त्याला आधी वर ओढून घेतो, मग पाठवतो तुमच्याकडे."

"शेवट सांगायचा नाही हं," काका बजावायचे.

"छे हो! फार तर चेहऱ्यावर दिसेल थोडंसं."

पोस्टमास्तरांचा चेहरा म्हणजे उघडं पोस्टकार्ड. पुस्तकाच्या मुदतीचे पंधरा दिवस तो चेहरा जिन्यात चुकवायचा कसा, या विचाराने काकांची भूक मंदावली होती. अशाच विचारात एका सकाळी ते वाचनालयाच्या पायऱ्या उतरत होते. उतरताना त्यांनी मागे वळून फलकावर पाहिलं की आपला नंबर चुकून पुढे सरकलाय का. नंबर सरकला नव्हता, पायरी सरकली. म्हणजे पायरी जागेवरच होती, पण काकांचा पाय तिच्यावर नव्हता.

घोटा मुरगळला. ग्रंथपाल बाई धावत आल्या, देवघेवीच्या काउंटरवरचा कारकून खुर्ची घेऊन आला, वर्तमानपत्रं वाचणारे चारजण पानं न सोडता आले. बाईंना फार वाईट वाटलं. वाचनालयाच्या पायरीवर वाचक पडणं हे त्यांना स्वतःच्या हातून पडल्यासारखं वाटलं.

"काका, तुम्ही आता यायचं नाही. आमची घरपोच सेवा आहे, ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी. एवढा फॉर्म भरून पाठवा."

काकांनी फॉर्म घरी नेला. पाय उशीवर, पेन हातात. आणि फॉर्माच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात, नियम सहावा त्यांच्या दृष्टीस पडला: कायमची अडचण असलेल्या वाचकांची मागणी यादीत सर्वांच्या आधी धरण्यात येईल.

काकांनी तो नियम तीनदा वाचला. मग फॉर्म उलटला. तिथे लिहिलं होतं, 'अडचणीचे स्वरूप: तात्पुरते / कायमचे.'

आता काका लबाड नव्हते. कार्यालयातली एक पेन्सिलही त्यांनी कधी घरी आणली नव्हती. पण घोटा त्या क्षणी ठणकत होता, आणि ठणकणाऱ्या घोट्याला काळाचं भान नसतं. तात्पुरतं म्हणजे तरी काय, काकांनी स्वतःला विचारलं. सूर्यसुद्धा एक दिवस विझणार आहे म्हणतात. म्हणजे तोही तात्पुरताच. मग त्या मानाने हा घोटा... त्यांनी 'कायमचे' वर बरोबरची खूण केली. एकदा हात मोकळा झाला म्हटल्यावर उरलेले चौकोन रिकामे ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 'मोठा टाइप हवा', खूण. 'पुस्तक धरण्यास अडचण', खूण. 'वाचून दाखवावे', खूण. टाचणी लावून फॉर्म रवाना झाला.

चौथ्या दिवशी घोटा ठणठणीत बरा झाला. पाचव्या दिवशी वाचनालयाचा फोन आला की सेवा मंजूर झाली आहे, बुधवारी अकरा वाजता माणूस येईल, नववा भाग घेऊन.

"अहो, पण तुम्ही तर सकाळी स्टुलावर चढून पंखा पुसलात," काकू म्हणाल्या. काकू शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. उत्तर चुकल्यासारखं वाटायचं.

"एक दिवसाचा प्रश्न आहे गं. पुस्तक हातात पडलं की संपलं. दोन दिवसांत वाचतो, परत पाठवतो, लोकांचा खोळंबासुद्धा नाही."

"मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नकोस. नुसती गप्प राहा."

"कुणी विचारलं तर?"

काकांनी विचार केला. "कसे आहेत विचारलं, तर म्हण, चाललंय."

काकूंनी हे वाक्य मनातल्या मनात तपासून पाहिलं. त्यात खोटं काही सापडलं नाही.

बुधवारी काका पायाला पट्टी बांधून गादीवर पडले. अकराच्या ठोक्याला बेल वाजली आणि दारात एक उंचपुऱ्या, खणखणीत आवाजाच्या बाई उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होत्या, आता वाचनालयाची घरपोच सेवा विनामोबदला सांभाळत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या खोलीत आल्या, खिडकी उघडली, काकांच्या डोक्याखालची उशी काढून थोपटून परत ठेवली, आणि काकांना आपण खरंच आजारी आहोत असं वाटायला लागलं.

"कुठला पाय?"

काकांनी घाईत सांगितलं, "उजवा." पट्टी डाव्या पायाला होती. "म्हणजे उजवाही," ते म्हणाले.

सिस्टरांनी दोन्ही पायांकडे पाहिलं. पिशवीतून त्यांनी नववा भाग काढला. काकांनी दोन्ही हात पुढे केले.

"अंहं! पुस्तक धरायला अडचण आहे ना तुम्हाला? फॉर्मवर आहे. मी वाचून दाखवणार. दर बुधवारी एक प्रकरण. सोळा प्रकरणं आहेत."

"ठेवून गेलात तर मी... हळूहळू..."

"आणि कायमच्या रुग्णांना वाचून दाखवायचं पुस्तक राखीव असतं. ते माझ्याच ताब्यात राहतं. नियम सातवा."

नियम सातवा काकांनी वाचला नव्हता. सहाव्यालाच त्यांचं वाचन थांबलं होतं. उभ्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडलं.

सिस्टरांनी वाचायला सुरुवात केली. गुप्तहेराचा हात घसरू लागला. वरून खुनी वाकला. सिस्टर थांबल्या, डोळ्यांनीच पुढचं अर्धं पान वाचलं आणि म्हणाल्या, "इथे जरा मारामारी आहे. तुमच्या प्रकृतीला बरी नाही." आणि दोन पानं उलटली.

"पण तो वर आला कसा?"

"आला ना? झालं तर मग. आता इस्पितळात आहे." इथे त्यांचा आवाज रंगला. "काय लिहिलंय बघा! बेशुद्ध माणसाला चमच्याने सूप पाजतेय ही नर्स! सूप श्वासनळीत जाईल, ही आहे कुठे? मी असते तर तिला वॉर्डातून घालवली असती." आणि इस्पितळाचं प्रकरण त्यांनी प्रत्येक परिच्छेदावर अभिप्राय देत तासभर वाचलं.

सिस्टर पिशवी उचलून गेल्या. सात महिने लोंबकळलेला माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत वर आला होता आणि कसा, ते त्यांना कधीच कळणार नव्हतं.

संध्याकाळी पोस्टमास्तर आले. चेहऱ्यावर लाल शिक्का मारल्यासारखा राग होता. राखीव पुस्तकामुळे यादी सोळा आठवडे थांबली आहे असं त्यांना वाचनालयात कळलं होतं.

"काका, तुमच्या पायाबद्दल वाईट वाटतं. पण आम्ही बावीस माणसं काय करायची? आमचे पाय धडधाकट आहेत हा आमचा गुन्हा का?"

काकू दारातून म्हणाल्या, "तुम्हीही येऊन बसा की बुधवारी. ऐकायला काय हरकत आहे?"

पुढच्या बुधवारी पोस्टमास्तर आले, स्वतःची खुर्ची घेऊन. त्यांच्याबरोबर अठरावा नंबर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे केमिस्ट आले आणि नववा नंबर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आल्या. तिसऱ्या बुधवारी खोलीत नऊ माणसं होती. पाचव्या बुधवारी चौदा. खुर्च्या संपल्या, मग लोक गादीच्या कडेला टेकू लागले, मग कडा संपल्या. काका मध्ये होते ते हळूहळू भिंतीकडे सरकवले गेले. एकदा कुणीतरी "जरा पाय घ्या हो," म्हणाल्यावर काकांनी दोन्ही पाय चटकन पोटाशी घेतले आणि मग आठवण होऊन जोरात कण्हले. लोकांनी "हळू, हळू" केलं. सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वाचत राहिल्या.

वाचन संपलं की उपचार सुरू व्हायचे. केमिस्टांनी एक हिरवं तेल आणलं होतं. ते लावलं की आधी जळजळतं आणि मग वास येतो. तिसरा परिणाम अजून कळायचा होता. व्हायोलिनबाईंनी लोहचुंबकाचा पट्टा दिला. तो बांधल्यापासून काकूंच्या शिवणाच्या सुया काकांच्या पायावर सापडू लागल्या, आणि एकदा स्वयंपाकघरातला छोटा झारा. पोस्टमास्तरांचा भर गरम आणि गार पाण्यावर होता. दोन बादल्या घेऊन ते स्वतः बसायचे, घड्याळ लावून. "गरम! आता गार! गरम!" काकांच्या निरोगी पायाचे ते हाल बघत काकू मटार सोलत बसायच्या आणि आत जाऊन तोंडाला पदर लावायच्या. लोकांना वाटायचं, बिचाऱ्या रडतात.

दिवसभराचा तुरुंग तर विचारूच नका. खिडकी रस्त्यावर होती आणि आता सगळा रस्ता त्या खिडकीकडे बघून हात हलवायचा. उभं राहून खिडकीपुढून जायची सोय उरली नाही. काका घरात फेऱ्या मारायचे, पण खिडकी आली की खाली बसून, दोन हात दोन गुडघे टेकून पलीकडे जायचे आणि मग उठून पुढे चालायचे. खालून व्हायोलिनबाईंनी काकूंना विचारलंसुद्धा, "तुमच्याकडे दुपारी सारखं कोण चालतं हो? मध्येच थांबतं, मग परत चालतं?"

"ह्यांचंच काहीतरी चाललेलं असतं," काकू म्हणाल्या. यातही त्यांना खोटं काही सापडलं नाही.

एके दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं आणि व्हायोलिनबाई वाटी परत द्यायला आत आल्या. काका तेव्हा खिडकीखाली होते.

बाईंच्या हातातली वाटी पडली. "अहो काका! रांगायला लागलात?" त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजल्यांना कळली. काहींनी त्यात सुधारणा पाहिली, कारण माणूस निदान हलतोय. काहींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाकडून चार पायांची एक लोखंडी चौकट आली, धरून चालायला. सोबत चिठ्ठी: 'वस्तु-संग्रहातून. मुदत पंधरा दिवस. मुदतवाढ मिळेल.' वाचनालयात पुस्तकांखेरीज शिडी, वजनकाटा, दुर्बीण असंही काही मिळतं हे काकांना माहीतच नव्हतं. दुसऱ्या एखाद्या वेळी त्यांना दुर्बिणीत फार रस वाटला असता.

सहाव्या आठवड्यात काकांचा धीर सुटला. त्यांनी फोन उचलून देवघेवीच्या कारकुनाला गाठलं.

"मला फॉर्मात दुरुस्ती करायची आहे. 'कायमचे'च्या जागी 'तात्पुरते'."

"कायमचं बरं झाल्याचा नमुना आमच्याकडे नाही, साहेब. दुरुस्ती-अर्ज साधा लिहावा लागेल. आणि तो समक्ष येऊन द्यायचा."

"अहो, मी समक्ष येऊ शकतो. म्हणूनच तर अर्ज करतोय."

"समक्ष येऊ शकत असाल तर मूळ अर्ज चुकीचा ठरतो. चुकीच्या अर्जात दुरुस्ती होत नाही."

"मग मी येत नाही."

"मग दुरुस्ती होत नाही."

हेच वाक्य, याच चालीवर, त्यांनी स्वतः किती लोकांना ऐकवलं होतं! संताप तर आलाच, पण त्या पोराने ते कुठेही न अडखळता म्हटलं म्हणून थोडं कौतुकही वाटलं. "अर्जाला टाचणी लावता ना?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"स्टेपलर आहे, साहेब."

काकांनी फोन ठेवला.

इकडे कादंबरी पुढे सरकत होती. सिस्टरांनी आतापर्यंत चार खून, एक विषप्रयोग आणि संपूर्ण आगगाडीचा अपघात गाळला होता. तीन प्रकरणं तर त्यांनी "यात नुसतं रक्तच आहे," म्हणून अख्खीच उलटली. त्यामुळे कथेत माणसं एकाएकी नाहीशी व्हायची आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसे. "तो सोनार कुठे गेला?" केमिस्ट विचारायचे. "गावाला गेला असेल," सिस्टर म्हणायच्या. आठवडाभर मग जिन्यात सोनाराचं काय झालं यावर चर्चा. काकूसुद्धा, ज्यांनी आयुष्यात गणिताखेरीज काही वाचलं नव्हतं, भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "सोनार मेलाय. शक्यता दोनच आणि दुसरी बसत नाही."

बाराव्या बुधवारी माणसं जिन्यात बसली. तेव्हा ग्रंथपाल बाईंनी ठरवलं की शेवटचं प्रकरण वाचनालयाच्या सभागृहात वाचायचं. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं, त्या टाचणीकाकांचा तिथे सत्कार करायचा.

"मी येऊ शकत नाही," काका म्हणाले. त्यांना एकदम आपला पाय आठवला होता.

"आम्ही आणू!" पोस्टमास्तर गरजले.

आणलंच. काकांना हाताच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर लोखंडी चौकट दिली. पुढे पोस्टमास्तर आणि केमिस्ट, मागे आणखी दोघं, आणि वरात दुसऱ्या मजल्यावरून निघाली. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि पोस्टमास्तर ओरडायचे, "पार्सल सांभाळा! नाजूक आहे!" रस्त्यावर लोक बाजूला होत होते. एका गाडीवाल्याने टोपी काढली. काकू मागून चालत होत्या, जमिनीकडे बघत. कुणीतरी विचारलं, "कसे आहेत?" आणि काकू पहिल्यांदाच 'चाललंय' म्हणाल्या नाहीत, कारण त्या क्षणी ते खरं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. काकांना व्यासपीठाखाली, अगदी पुढे ठेवलं. गळ्यात हार पडला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की अशा वेदनेतही वाचनाची ओढ न सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नाही. टाळ्या झाल्या. काकांनी मान खाली घातली. ती शरमेने खाली गेली होती, पण लोकांनी विनय समजून आणखी टाळ्या वाजवल्या.

सिस्टर वाचू लागल्या. सोळावं प्रकरण. जुन्या घड्याळाचा मनोरा. गुप्तहेर एकेक पायरी चढतोय. वर कुणाचा तरी श्वास. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा. गुप्तहेर शेवटच्या पायरीवर पोचला, समोरच्या सावलीने वळून पाहिलं, आणि तो चेहरा... सिस्टर थांबल्या. डोळे झरझर खाली गेले.

काकांना ती नजर आता पाठ झाली होती.

"असो," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी अंगठा जिभेला लावला. "पुढच्या पानावर सगळे चहा..."

"नाही!"

हा आवाज कुणाचा ते आधी कुणालाच कळलं नाही. लोखंडी चौकट खणखणत पडली. काका खुर्चीतून उठले होते. व्यासपीठाच्या पायऱ्या त्यांनी दोन दोन करून गाठल्या, सिस्टरांच्या हातातून नववा भाग ओढून घेतला आणि वाचायला लागले.

आणि काय वाचलं! तेरा आठवड्यांची उपासमार होती ती. ते नुसते वाचत नव्हते, सावली झाले, गुप्तहेर झाले, मनोऱ्याचे जिने झाले. मारामारी आली तेव्हा व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते धावले. घड्याळाच्या काट्याला लोंबकळायचा प्रसंग आला तेव्हा एका पायावर, डाव्या, उभे राहिले, आणि पान उलटताना पाय बदलला. शेवटी टेबलावर चढून त्यांनी खुन्याचं नाव उच्चारलं.

"सोनार!"

सभागृह उसळलं. "तो मेला नव्हता?" "गावाला गेला होता!" काकूंनी कपाळावर हात मारला, शक्यता तीन होत्या. काकांनी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं, आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो संपता संपत नव्हता. तो ओसरल्यावर पोस्टमास्तरांचा आवाज आला, अगदी हळू:

"काका... तुम्ही टेबलावर आहात."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग पायांकडे. काकांनीही पाहिलं.

"माझं तेल!" केमिस्ट किंचाळले.

"तेल कसलं? चुंबक!" व्हायोलिनबाई उठून उभ्या राहिल्या.

"गरम-गार, गरम-गार! तेरा आठवडे!" पोस्टमास्तरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. ग्रंथपाल बाई डोळे पुसत म्हणाल्या की वाचनाचं सामर्थ्य याहून वेगळं काय असतं.

काकांना टेबलावर उभं राहून हे सगळं ऐकवेना. "मंडळी," ते म्हणाले, "माझा पाय चौथ्याच दिवशी बरा झाला होता. मी खोटी खूण केली. मला काहीही झालेलं नव्हतं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"धक्का बसलाय त्यांना," केमिस्ट म्हणाले. "पाणी आणा."

"खरं सांगतोय हो!"

"हो, हो. बसा आधी. लगेच एवढा जोर देऊ नका पायावर." आणि चारजणांनी त्यांना टेबलावरून उचलून पुन्हा खुर्चीत ठेवलं. देवघेवीचा कारकून एक कागद घेऊन आला. "साहेब, समक्ष आलाच आहात, तर दुरुस्ती-अर्जावर सही करून टाका." काकांनी सही केली. त्या दिवशी त्यांचं म्हणणं ऐकून घेणारा तो एकटाच निघाला.

गर्दी पांगल्यावर सिस्टर वाचनकक्षात पुस्तकं पिशवीत भरत होत्या. काका समोर जाऊन उभे राहिले, दोन्ही पायांवर.

"तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"पहिल्या बुधवारी डाव्या पायाला पट्टी होती. दुसऱ्या बुधवारी उजव्या," सिस्टर वर न बघता म्हणाल्या. "चाळीस वर्षं पायच पाहिलेत मी."

"मग बोलला का नाहीत?"

सिस्टरांनी शेवटचं पुस्तक आत सरकवलं. "बोलणार होते. पण तिसऱ्या बुधवारी आले तर खोलीत नऊ माणसं. इस्पितळात जन्मभर मी एकच वाक्य बोलले, गर्दी करू नका, बाहेर व्हा. माझ्याभोवती कुणी आपणहून येऊन बसलंय, असं कधी झालं नव्हतं. म्हणून गप्प बसले. तेवढी लबाडी माझी." त्यांनी पिशवी बंद केली. "पण घरपोच सेवेत एका वेळी सहाच घरं बसतात, काका. मी एकटी आहे. सहावे तुम्ही होतात. सातवं नाव तेरा आठवडे खाली थांबलंय."

काकांचे कान तापले. पोस्टमास्तरांनी पायावर ओतलेल्या सगळ्या गरम पाण्याने ते इतके तापले नव्हते.

"पत्ता द्या," ते म्हणाले.

पत्ता चौथ्या मजल्याचा होता, बिनलिफ्टच्या घरातला. पुढच्या बुधवारी बरोबर अकरा वाजता काका धापा टाकत तिथे पोचले. दार एका शेजारणीने उघडलं. आत खिडकीशी एक लहानखुऱ्या आजी बसल्या होत्या. वय एक्याण्णव. गुडघे गेलेले, डोळ्यांना आता नुसता उजेड आणि अंधार कळायचा. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या.

"वाचनालयातून आलो," काका म्हणाले. "आणि आधी एक सांगायचंय. तुम्हाला इतके दिवस थांबावं लागलं ते माझ्यामुळे. मी..."

"आधी बसा. जिना चढून आलात, श्वास ऐकू येतोय." आजींनी मान कलती केली. "आवाज बरा आहे तुमचा. माफी नंतर मागा, तास फुकट जातो. काय आणलंय?"

"तुम्ही काय म्हणाल ते आणतो."

"ती नऊ भागांची रहस्यकथा म्हणतात ती. पहिल्यापासून. एकही ओळ न गाळता." त्या हसल्या. "पस्तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. कानावर पडायची दोन वाक्यं, की पुढचा फोन. कोण कुणाला का रागावलं, पुढे काय झालं, काही कळायचं नाही. आता एक गोष्ट मला शेवटपर्यंत ऐकायचीय."

काकांच्या पिशवीत पहिला भाग होता. सिस्टरांनी जाताना हातात ठेवला होता. त्यांनी तो काढला, चष्मा पुसला, आणि हेडक्लार्कच्या सवयीने मनात हिशेब केला. एका भागात सोळा प्रकरणं, भाग नऊ, आठवड्याला एक. एकशे चव्वेचाळीस आठवडे. पावणेतीन वर्षं. त्यांनी आजींच्या हातांवरच्या निळ्या शिरांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"आजी, असं करू या का, दर खेपेला दोन दोन प्रकरणं वाचू. म्हणजे लवकर होईल."

आजींनी आपले न दिसणारे डोळे त्यांच्याकडे वळवले.

"का हो? तुम्हाला कुठे जायचंय?"

काकांनी पहिलं पान उघडलं आणि सावकाश वाचायला सुरुवात केली.